वाटी रिकामी परत देत नाहीत

माझ्या तोंडाला अख्खं गाव घाबरतं. किराणा दुकानात बसणाऱ्या बाईनं गोड बोलावं असं आमच्या घरचे मला लग्न झाल्यापासून सांगतात, पण दात घासून जीभ काही बदलत नाही. शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष मी झाले तीही या जिभेमुळेच. सभेत सगळी बाप माणसं एकमेकांकडे बघत बसली होती, दुसऱ्या कोणी तरी हो म्हणावं म्हणून. मी म्हटलं, "बाप्पा, पोट्टे तुमचेच हायेत ना गा? का शेजाऱ्याचे?" सगळे हसले आणि माळ माझ्या गळ्यात पडली.

आमचं गाव तिरोड्याहून बोदलकसाच्या तलावाकडे जाताना लागतं. शाळा सातवीपर्यंत. मुख्याध्यापिका फुलचूरहून रोज स्कूटीवर यायच्या. शहरात वाढलेल्या, त्यामुळे रागावल्या की हिंदीत जायच्या, आणि पोरांना तेवढंच कळायचं की आता काही खरं नाही. पण जीव लावणारी बाई होती.

तर ही गोष्ट सहावीतल्या एका मुलीची आहे. त्या पावसाळ्यात तिची आई तापानं गेली. घरात बाप आणि बापाची म्हातारी आई, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. धानाची मळणी झाली की आमच्याकडची बरीच माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, लेकरंबाळं घेऊन. ही मुलगीही आईबापाबरोबर जायची. अर्धं वर्ष शाळा आणि अर्धं वर्ष मिरच्या. संक्रांत झाली तशा मॅडम दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "इस साल गई तो समझो गई. पुढच्या वर्षी ती शाळेत येणारच नाही, लिहून देते मी तुम्हाला."

आम्ही दोघी बापाकडे गेलो. माणूस वाईट नव्हता, अबोल होता. म्हणाला, "वहिनी, इथं ठेवू कसं? म्हातारीले दिसत नाही. पोट्टी पाणी भरन, सैपाक करन, का शाळा शिकन?" मग आम्ही समितीची सभा घेतली आणि मी सांगून टाकलं की दुपारी शाळेची खिचडी आहेच, संध्याकाळी रोज एका घरून वरण-भाजी जाईल, पोरीनं फक्त भात मांडायचा. शेजारच्या दोघी पाण्याचं बघतील. बायांनी खळखळ केली नाही. आमच्या गावात भांडणं खूप, पण कोणाच्या चुलीवर काही नसेल तर गप्प बसणारी बाई मी पाहिलेली नाही.

बाप तयार झाला, पण एक अट घालून. "हाव, ठेवतो. पण एक गाऱ्हाणं माह्या कानावर आलं का मी येतो अन् घेऊन जातो. माह्या पोरीचं नाव गावात निघू नये. म्हातारीले बहिणीकडे नेऊन सोडीन." आई नसलेल्या मुलीचा बाप असं म्हणतो तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, नाव निघणार नाही, मी आहे. असं छातीठोकपणे बोलायची मला सवय आहे.

सुरुवातीला सगळं छान चाललं. संध्याकाळी बाया वाटीत, डब्यात, कटोऱ्यात भाजी नेऊन द्यायच्या. कोणी लाखोरीच्या डाळीचं वरण, कोणी वांगं, कोणी तलावातल्या मासोळ्यांचा रस्सा. मुलगी वेळेवर शाळेत येऊ लागली. मॅडम सांगायच्या की गणितात पुढे चाललीय. मला फुगायला तेवढंच पुरेसं होतं.

मग हळूहळू दुकानात कुजबुज सुरू झाली. एक म्हणाली, माझी वाटी आली नाही. दुसरी म्हणाली, माझा झाकणाचा डबा गेला तो गेलाच. आता आमच्याकडची रीत अशी की ज्या घरी मरण झालं तिथे वर्षभर भांडं मागायला जात नाहीत. अपशकुन आणि वर हलकेपणा. त्यामुळे एकही बाई त्या दारात जाऊन "माझी वाटी दे वं" म्हणाली नाही. तोंडावर मागायची लाज, पण पाठीमागे बोलायची कोणालाच नाही! बोलता बोलता गोष्ट इथवर आली की म्हातारी भांडी मोडीत घालते.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एकीला असं झापलं की ती साखर न घेताच गेली. पण तोंडं किती जणींची धरणार?

शाळेतही ते पोचलं. सहावीतल्याच एका पोरीनं सगळ्यांसमोर विचारलं, "आमची वाटी केव्हा देशील?" दुसऱ्या दिवसापासून ही शाळेत आली नाही. आणि तेवढ्यात जी व्हायला नको तीच गोष्ट झाली. ज्या बाईचा झाकणाचा डबा होता, तिनं नवऱ्याच्या फोनवरून थेट तेलंगणात फोन लावला. भावानं लग्नात दिलेला डबा होता, तिचा जीव अडकला होता त्यात, हे मला समजतं. पण फोन? बाप फक्त एवढं म्हणाला, "शुक्रवारी येतो. पोरीले घेऊन जातो."

हे मला कळलं गुरुवारी. दुकान तसंच उघडं टाकून मी त्या बाईच्या अंगणात गेले आणि तिला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीही कमी नाही. म्हणाली, "मंग जा ना, पाहून ये त्याच्या घरी. डबा नाही निघाला त माह्यं नाव बदल."

गेले. म्हातारी ओसरीत बाजेवर बसली होती, मुलगी आत भात मांडत होती. मी काही न विचारता सरळ चुलीपाशी गेले. वरच्या फळीवर भांडी होती, ओळीनं लावलेली. वाट्या, कटोरे, तो झाकणाचा डबा. राखेनं घासून अशी लखलखीत केलेली की माझ्या स्वतःच्या घरी नसतील. प्रत्येकावर ठोकून घातलेली नावं, आमच्या गावच्या अर्ध्या सुनांची. माझीही एक वाटी होती. मला तर पत्ताच नव्हता की माझी वाटी परत आलेली नाही.

डब्यावाली बाई खरंच बोलली होती.

"काऊन नाही देल्लं वापस?" मी विचारलं. आवाज चढलाच असणार.

मुलगी खाली बघत राहिली. मग म्हणाली, "रिकामी कशी देऊ, काकू?"

आमच्याकडे भाजीची वाटी आली की ती रिकामी परत जात नाही. काही ना काही घालायचं, गुळाचा खडा, बोरं, घरामागच्या वाडीतल्या चार मिरच्या. रिकामी वाटी परत देणं म्हणजे त्या घरच्या भरल्या हाताला थापड मारण्यासारखं. लेकरू चालायला लागलं की त्याला हे कळतं. कळत नव्हतं ते फक्त आम्हाला. समिती, अध्यक्ष, सभा, ठराव, सगळं केलं, आणि भरलेली वाटी ज्या घरात पाठवतोय तिथे परत घालायला काय आहे, हे एकीलाही सुचलं नाही!

मुलीनं पहिल्या पहिल्या वाट्या परत केल्या होत्या, चिमूट चिमूट साखर घालून. मग साखर आजीच्या चहापुरती उरली. वाडीला तर आई गेली तेव्हापासून कोणी पाणी घातलं नव्हतं, सगळं वाळलेलं. मी म्हटलं, "अवो, मंग दोन दाणे तांदूळ टाकाचे होते."

"तांदूळ?" ती म्हणाली. "ज्याच्या घरी धानाच्या कोठ्या, त्याले रेशनचे तांदूळ देऊ?"

मी ओट्यावर बसले आणि रडले. मी रडत नाही सहसा. सासू गेली तेव्हा शेजारणींना काळजी पडली होती की ही बाई रडते की नाही. पण त्या दिवशी पदरानं नाक पुसत राहिले आणि ती पोरगी मला पाणी आणून देत होती, म्हणजे उलटंच झालं सगळं.

मी म्हटलं, आण ती भांडी, पिशवीत घालून मी वाटून येते, दुकानातून काही टाकते. तर ती फळीसमोर आडवी उभी राहिली. "ते तुमचं होईन, काकू. आमचं नाही. अन् गावात सांगजा नोका, आमच्या घरी काही नाही म्हणून." एवढीशी पोट्टी, पण मी, जिला सगळे घाबरतात, मी मुकाट उठले.

शाळा सुटायच्या वेळेला मॅडमना गाठलं. सगळं सांगितलं. त्यांना आधी समजलंच नाही. "तो क्या हुआ, खाली दे देती. आमच्याकडे टिफिन रिकामेच परत येतात." मी म्हटलं, मॅडम, तुमच्याकडे टिफिन असतात, आमच्याकडे वाट्या असतात. मग त्या उठून शाळेच्या स्वयंपाकखोलीतून एक जुना कडीचा डबा घेऊन आल्या. त्यावर शाळेचं नाव रंगवलेलं होतं.

"हा डबा कोणाच्याच घरचा नाही," त्या म्हणाल्या. "शाळेतून जाईल, ज्यांची पाळी ते भरतील, सकाळी ती शाळेत घेऊन येईल. शाळेला कोण काय परत देतं?"

संध्याकाळी आम्ही तो डबा घेऊन तिच्याकडे गेलो. तिनं तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "शाळेले रिकामा चालते?"

"रिकामाच लागते," मी म्हटलं. "नाही त भरावं कशात?"

त्यावर ती थोडीशी हसली. शुक्रवारी सकाळी डबा घेऊन शाळेत गेली. पण फळीवरची भांडी तशीच होती, आणि बाप वाटेवर होता.

तो दुपारच्या एसटीतून उतरला. मला बातमी लागली तशी मी निघाले. मनात भाषण तयार होतं. ओसरीत पोचले तर त्यानं सगळी भांडी खाली काढून ठेवली होती आणि त्यांच्याकडे बघत उकिडवा बसला होता. शेजारी त्याची पिशवी आणि एक लहान गोणी. मुलीचे दोन फ्रॉक घडी करून पिशवीवर ठेवलेले.

"पाहा वहिनी," तो म्हणाला. "खरं निघालं. माह्या घरून निघालं."

माझं भाषण कुठल्या कुठे गेलं. गावात सांगू नको म्हणाली होती ती, पण बाप म्हणजे गाव नव्हे. मी त्याला सगळं सांगितलं. साखर, वाळलेली वाडी, फळीसमोर आडवी झालेली ती. म्हातारी आतून म्हणाली, "मले दिसत नाही बापा, पण मले आयकू येत होतं. रोज राख घेऊन घासत बसे."

त्यानं एक वाटी उचलली, तिच्यावरच्या नावावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "हे तिच्या मायनं शिकवलं. मी नाही. वाटी कोणाची आली अन् कोणाची गेली, मले कधी मालूमच नव्हतं."

आणि रडला. गडी माणूस आपल्यासमोर रडला की कुठे बघावं कळत नाही. मी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिले.

मग त्यानं गोणीचं तोंड सोडलं. मिरच्या होत्या, लाल, वाळलेल्या. मजुरीतला काही भाग तिकडे मिरच्यांतच देतात, वर्षभराच्या तिखटासाठी. ओसरीभर असा ठसका उठला की म्हातारी आतून शिंकली. तो एकेक भांडं पुढे ओढत होता आणि ओंजळीनं भरत होता. वाटी, कटोरा, डबा. वर दाबून आणखी चार.

शाळा सुटली तशी मुलगी दप्तर घेऊन आली आणि दारातच थांबली. आधी तिची नजर पिशवीवरच्या फ्रॉककडे गेली. मग भांड्यांकडे. बाप उठला, टोपलीत भांडी ठेवली, टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि म्हणाला, "चाल. कोणतं कोणाचं, मले वाचून सांग."

ती दोघं घरोघर गेली. पोरगी नाव वाचायची, हाक मारायची, बाप वाटी द्यायचा. झाकणाचा डबा ज्या घरचा होता तिथे मी मुद्दाम लांबून पाहत उभी राहिले, खोटं कशाला बोलू. त्या बाईनं झाकण उघडलं, बघितलं, आणि डबा तसाच धरून उभी राहिली. मग पदर तोंडाला लावून आत पळाली. ठसका लागला असं ती अजून म्हणते. असेल.

शेवटी माझ्या दाराशी आली. मी वाटी घेतली. माझं डोकं चालतच नव्हतं, म्हणून विचारलं, "तिखट हायेत का जास्त?"

"हाव. बेतानं टाकजा." टोपली आता रिकामी होती, ती त्यानं काखेत मारली. ज्या माणसानं आयुष्यात कोणाच्या दारात काही मागितलं नव्हतं, त्यानं खाली बघत विचारलं, "पोरीचे पेपर कधी सरतेत, वहिनी?"

"एप्रिलात."

"मंग मी तेव्हाच येतो," तो म्हणाला. "तवरीक डबा चालू ठेवजा."