पिवळा दोरा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात मी तपासनीस म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच सकाळी माझ्या हातात दोऱ्याची दोन रिळं आली. एक लाल, एक निळं. टॉवेलात विणकामाचा दोष दिसला तर कोपऱ्याला लाल दोरा बांधायचा, रंगाचा दिसला तर निळा. लाल दोरा विणकाम मास्तरांच्या नावावर चढायचा, निळा रंगखात्याच्या साहेबांच्या. टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून आलेली मी मनात म्हटलं, एवढंच ना!

शेजारच्या टेबलावर काकू बसायच्या. टॉवेल तपासता तपासता त्यांचे केस पांढरे झाले होते. खरं काम त्यांनी दुपारी डबा उघडताना शिकवलं.

"हे बघ पोरी, दोरा दोष बघून बांधायचा न्हाय, तोल बघून बांधायचा. सकाळी लाल जास्त गेले की दुपारी निळे बांध. मास्तर बी खूश, रंगवाले सायेब बी खूश. कायम व्हायचंय की न्हाय तुला?"

व्हायचं होतं तर! सहा महिन्यांच्या बोलीवर मला घेतलं होतं. मी कायम झाले तर दोन वर्षं लग्नाचा विषय काढणार नाही, असं वडिलांनी कबूल केलं होतं. नाही झाले, तर आत्यानं अकलूजचं स्थळ तयारच ठेवलं होतं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी दर रविवारी पोह्यांबरोबर त्या मुलाचं कौतुक वाढलं जायचं.

तरीही तिसऱ्या दिवशी मी लागोपाठ तीन लाल दोरे बांधले, कारण तीन टॉवेलांत विणकाम चुकलेलं होतं. विणकाम मास्तर छान मराठी बोलायचे. त्या दिवसापासून ते माझ्याशी फक्त आपल्या घरच्या तेलुगूत बोलू लागले आणि मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. रंगखात्याच्या साहेबांनी मात्र माझ्या टेबलावर आल्याचा चहा पाठवला. दुसऱ्या दिवशी मी निळा दोरा बांधला आणि चहा बंद झाला. कोण कुणाचा, हे इथं दोऱ्यावर ठरायचं. मला हसू यायचं आणि संतापही व्हायचा. चुकीच्या जागी दोरा बांधायला मी काही शिकले नव्हते, म्हणून दिसेल तोच बांधत राहिले. डबा मात्र बऱ्याचदा एकटीनं खाल्ला.

सहावा महिना लागला आणि परदेशी जाणाऱ्या मालात उभे फिके पट्टे दिसू लागले. ट्यूबलाइटखाली ते नीट कळत नव्हते. गच्चीवर उन्हात टॉवेल पसरले तेव्हा प्रत्येकात त्याच जागी, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पट्टा होता.

"बांध निळा," काकू म्हणाल्या. "काल लाल लई झालेत."

पण रंग बिघडला असता तर तो कुठंही पसरला असता, असा रेघ आखल्यागत आला नसता. विणही कुठं चुकली नव्हती. मी खाली जाऊन ताणा, म्हणजे उभे धागे, भरायच्या मशीनपाशी उभी राहिले. तिथं लावलेल्या, सूत गुंडाळलेल्या कोनांपैकी काहींची टोकं हिरवी होती, काहींची गुलाबी. दोन वेगळ्या लॉटचं सूत एकत्र आलं होतं, आणि दोन्ही सुतांनी रंग सारखा घेतला नव्हता. सूत येतं स्टोअरमधून, आणि स्टोअर होतं मालकांच्या मेहुण्यांकडं. त्या खात्यासाठी आमच्याकडं दोराच नव्हता.

त्या रात्री मी आईच्या शिवणाच्या डब्यातून पिवळं रीळ काढून पर्समध्ये टाकलं. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण परत ठेवावंसं वाटलं नाही.

सकाळी पिवळे दोरे बांधलेली ट्रॉली बघून मास्तर आणि रंगवाले साहेब दोघंही धावत आले. एरवी एकमेकांना पाण्यात पाहणारी ही माणसं त्या दिवशी खांद्याला खांदा लावून माझ्यासमोर उभी राहिली.

"ते सोड. लाल बांध, मी बघतो," मास्तर चक्क मराठीत म्हणाले.

"नको नको, निळा बांधा मॅडम. माझ्याकडं घेतो की मी," साहेब म्हणाले.

मी बघतच राहिले. एका दोऱ्यावरून महिना महिना अबोला धरणारे हे दोघं दोष मागून घेत होते! त्यांचं भांडण इतकी वर्षं सुखात चाललं होतं, कारण ते मेहुण्यांच्या दारापर्यंत कधी गेलंच नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"दोष तुमचा नाही, साहेब. मास्तर, तुमचाही नाही. मग मी तुमच्या नावावर कशाला बांधू?"

तेवढ्यात मालक फेरीवर आले. मागोमाग मेहुणे होतेच.

"पिवळा कशाचा?" मालकांनी विचारलं.

"सुताचा. दोन लॉट मिसळलेत. कोन अजून मशीनवर आहेत, दाखवते."

मेहुणे हसले. "नवीन आहे पोरगी, शिकेल."

मालकांनी मशीनपाशी जाऊन कोन बघितले आणि तसेच केबिनमध्ये गेले. पुढच्या आठवड्यात माझं पत्र आलं. कायम केलं नव्हतं, मुदत आणखी सहा महिने वाढवली होती. आत्या लगेच घरी येऊन बसली. खूप रडले त्या दिवशी. मग तोंड धुतलं आणि अकलूजला नाही म्हणून कळवा, असं वडिलांना सांगितलं. ते नाराज झाले, पण त्यांनी कळवलं.

मी पिवळा दोरा बांधतच राहिले. ते रीळ आता लाल-निळ्याशेजारी माझ्या टेबलावरच असायचं. मेहुण्यांनी माझ्या नमस्काराला उत्तर देणं सोडलं. मग एकदा तापानं दोन दिवस घरी पडले. परत आले तेव्हा तपासून ठेवलेल्या ट्रॉलीवर तीन पिवळे दोरे होते. गाठी माझ्या नव्हत्या.

मी शेजारी पाहिलं. काकूंनी मान वर केली नाही. टॉवेल झटकून त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या येताना अजून एक रीळ आण. हे संपत आलंय."