हाली की कलदार

वर्गात एखाद्या पोरानं इंग्रजी वाक्य म्हटलं की मास्तर लगेच बरं-वाईट काही बोलत नसत. उजव्या हाताच्या बोटाचं पेर टेबलावर टक् करून आपटायचे, मान तिरपी करायचे आणि कान पुढं करून थोडा वेळ तसेच थांबायचे. सराफ रुपया दगडावर वाजवून बघतो ना, अगदी तसं. मग म्हणायचे, "आवाज तर बरा येऊन राह्यला. पण हाली हाय का कलदार, कोण सांगावं?"

तुमच्यापैकी ज्यांनी निजामाचं राज्य पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं दोन रुपये होते. निजाम सरकारचा तो हाली आणि इंग्रजांचा तो कलदार. हालीचा जालन्याच्या बाजारात मोठा रुबाब, पण निजामाची हद्द सोडून मनमाड गाठलं की त्याला कुणी विचारत नसे. तिथले सराफ रुपयामागं काही आणे बट्टा कापून हाली घ्यायचे आणि कलदार द्यायचे. मास्तरांना आपल्या इंग्रजीबद्दल हीच धास्ती होती. ते इंग्रजी शिकले पुस्तकातून आणि ज्यांच्याकडं शिकले तेही पुस्तकातूनच शिकलेले. जालन्याला एके काळी गोऱ्यांची मोठी छावणी होती, पण ती मास्तर मुळाक्षरं गिरवत होते तेव्हाच उठून गेली. त्यामुळे इंग्रजाशी इंग्रजीत बोलायचा योग त्यांना एकदाही आलेला नव्हता.

आम्हाला हे सगळं ते उघड सांगत. "तुमचे मायबाप पोटाला चिमटा घेऊन तुम्हाला इथं धाडतात. मी तुमच्या गाठोड्यात काय बांधून राह्यलो, ते मला तरी ठावं पायजे का न्हाई?"

शाळेत इंग्रजी शिकवायचं ते उर्दूतून, असा सरकारी हुकूम होता. आम्ही घरी मराठी बोलणारी पोरं. म्हणून मास्तर धड्यातला बैल आधी इंग्रजीत आणायचे, मग उर्दूत, आणि शेवटी वर्गाचं दार लोटून घेऊन हळूच मराठीत. मराठीत आला म्हणजे तो आमच्या ओळखीचा निघायचा. तपासणीला येणारे अंमलदारही इंग्रजीपेक्षा त्याचा उर्दू तर्जुमाच ऐकून खूश व्हायचे. काळी शेरवानी, रुमी टोपी आणि खिशातल्या घड्याळाची साखळी असे मास्तर तेव्हा अदबीनं वाकून उभे राहायचे. अंमलदार गेले की आमच्याकडं वळून म्हणायचे, "पुन्हा हालीच वाजला."

गावात मिशनचा एक गोरा डॉक्टर होता. मास्तरांनी पोट दुखतंय असं निमित्त काढलं, आठवडाभर वाक्यं पाठ केली आणि दवाखाना गाठला. डॉक्टरनं ती वाक्यं शांतपणे ऐकून घेतली, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "कवापासून दुखून राह्यलंय?" आमच्या भागातल्या रोग्यांत राहून त्याची मराठी आमच्यासारखीच झाली होती. मास्तरांनी पुन्हा इंग्रजीत सुरुवात केली, तेव्हा त्याला वाटलं दुखणं डोक्यात चढलंय. त्यानं समोर उभं करून एरंडेल पाजलं. इंग्रजी राहिलं बाजूला, मास्तर दोन दिवस शाळेतही आले नाहीत.

मग त्यांनी स्टेशन धरलं. गाडी जालन्याला पाणी घ्यायला बराच वेळ थांबायची आणि पहिल्या वर्गाच्या डब्यात एखादा साहेब असायचा. मास्तर आम्हा चार-पाच पोरांना घेऊन निघायचे. विचारायचं वाक्य ठरलेलं होतं, "सर, विल यू काइंडली टेल मी द टाइम?" वाटेत ते स्वतःच्या घड्याळाची साखळी सोडून घड्याळ आतल्या खिशात दडवायचे. एवढी तयारी करून गेले आणि पहिल्याच साहेबानं एक अक्षर न बोलता फलाटावरच्या मोठ्या घड्याळाकडं बोट दाखवलं.

पुढच्या वेळी मास्तर पार पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभे राहिले. तिथून ते घड्याळ दिसत नसे. योगायोगानं त्या दिवशीचा साहेब पाय मोकळे करायला खाली उतरला होता. मास्तरांनी टोपी सावरली, वाक्य म्हटलं. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही आमच्यासारखा श्वास रोखला असता, इतकं ते सुरेख म्हटलं होतं. साहेबानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "हमको मालूम नहीं. जाव."

 परत येताना मीच विचारलं, साहेबाला इंग्रजी येत नसेल का? मास्तर थांबले आणि पोट धरून हसले.

"येतं रे. पण तो ते आपल्यासाठी खर्चाया काढत न्हाई."

हसून झाल्यावर मात्र बराच वेळ ते घड्याळाची साखळी अडकवत राहिले. ती काही केल्या अडकत नव्हती.

मी हसनाबादचा, शेतकऱ्याच्या घरातला. मॅट्रिक झालो आणि पुण्याच्या कॉलेजात जायचं ठरलं, तेव्हा वडिलांपेक्षा मास्तरच जास्त हुरळले. गाडीवर पोचवायला आले. इतरांनी सांभाळून राहा, वेळेवर जेवत जा असं सांगितलं. मास्तरांनी मला खिडकीजवळ बोलावलं.

"तिथं खरा इंग्रज प्रोफेसर हाय म्हणतात. त्याला आपलं वाक्य ऐकीव. तुझी अक्कल चालवू नको. बराबर मी म्हणतो तसंच म्हण."

मनमाडला मी पैसे बदलून घेतले. सराफानं माझे हाली रुपये एकेक करून दगडावर वाजवले आणि मी प्रत्येक टणत्कार मोजत राहिलो. पैशाची फिकीर नव्हती. मास्तरांचं वाक्य माझ्या तोंडात होतं आणि ते खोटं निघालं तर जालन्याला कोणतं तोंड घेऊन जायचं, याची होती.

कॉलेजात कित्येक दिवस मला धीरच झाला नाही. शेवटी एका सकाळी व्हरांड्यात प्रोफेसर एकटे येताना दिसले. मी आडवा गेलो आणि मास्तरांच्या चालीवर वाक्य म्हटलं. ते म्हणाले, "पार्डन?"  मी तेच दुसऱ्यांदा म्हटलं. त्यांनी मनगट वळवून पाहिलं, "हाफ पास्ट टेन" म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्या लेखी काहीच घडलं नव्हतं. मी मात्र तिथंच खांबाला धरून उभा राहिलो आणि मला रडू आलं.

दिवाळीत जालन्याला उतरलो तो हसनाबादची गाडी न बघता थेट मस्तगड मोहल्ल्यात मास्तरांच्या घरी गेलो. मास्तर पंचा नेसून ओसरीवर गहू निवडत बसले होते. मला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"ऐकवलं, मास्तर," मी म्हणालो. "त्यानं इंग्रजीत जवाब दिला."

"बट्टा किती कापला?"

खोटं सांगावंसं वाटलं होतं, पण सांगवेना. "दोनदा म्हणावं लागलं."

मास्तरांनी मान तिरपी केली आणि सुपाच्या काठावर बोट टक् करून वाजवलं. "मंग चालतंय. एवढा बट्टा तर मनमाडला बी कापतात." मग सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत आत वळून काकूंना हाक मारली, "आवं ऐकलं का? आपलं नाणं पुण्यात चालून राह्यलंय."

प्रोफेसरसाहेब काय म्हणाला ते त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. आणि तेव्हापासून मास्तरांना नवंच वेड लागलं. कुणीही वेळ विचारली की आधी साहेबी थाटात "हाफ पास्ट टेन" म्हणायचं आणि मगच घड्याळ काढून खरी वेळ सांगायची. मस्तगडचे दुकानदार मुद्दाम भर दुपारी त्यांना वेळ विचारायचे. मास्तरांना ती चेष्टा कळत होती. तरी त्यांनी कुणाला निराश केलं नाही. स्टेशनवर मात्र ते पुन्हा कधी गेले नाहीत.

मास्तर गेले तेव्हा मी परीक्षेत होतो. मला कुणी कळवलं नाही. पुढं मला परतूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. रुजू व्हायला जाताना गाडीला अवकाश होता, म्हणून मस्तगडला काकूंना भेटायला गेलो. काकू शाळेची पायरी कधी चढलेल्या नव्हत्या. मला बसवून चहा टाकायला आत गेल्या. बाहेर दिवेलागण होत आली होती. गाडी चुकेल म्हणून मी ओसरीवरून विचारलं, "काकू, किती वाजले?"

"हाफ पास्ट टेन," आतून काकू म्हणाल्या. मग पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि खुंटीवरच्या मास्तरांच्या घड्याळाकडं बघून त्यांनी मला खरी वेळ सांगितली. मी ती नीट ऐकलीच नाही. मी मान तिरपी करून काकूंचं आधीचं "हाफ पास्ट टेन"च ऐकत होतो. त्यात साहेब कुठंच नव्हता, सगळे मास्तरच होते.