वनिताचे जोडे

नवऱ्याला हे ठाऊक नाही. आईला नाही. जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. आजवर एकदाही तोंडातून निघालेलं नाही — आणि आता मात्र एका जागी बसवत नाही. पोळ्या लाटता लाटता मी मध्येच गॅस बंद करते आणि गॅलरीत जाऊन उभी राहते. कशासाठी? काही नाही. नुसतीच.

म्हणून सांगते.

मी अकोल्यातल्या एका शाळेत मुलींना बॅगपाइप शिकवते. चौकड्यांचा लोकरी किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घागरा, पांढरे मोजे, काळे जोडे — सव्वीस जानेवारीला आमचं पथक रस्त्यावर आलं की लोक गच्चीवर गोळा होतात. ही नोकरी कशी मिळाली, असं कुणी विचारलं की मी म्हणते, मेहनतीनं. मेहनत केली होती, ते खोटं नाही. पण —

थांबा. आधी वनिता सांगते.

वनिता तिवशाची. घरी भाजीपाल्याची शेती. अमरावतीला कॉलेजात आम्ही एकाच पथकात होतो आणि तिच्यासारखं वाजवणारं आमच्यात दुसरं कुणी नव्हतं. दुसरा नंबर माझा. हा दुसरा नंबर मला किती खुपायचा, हेही मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या वर्षी अकोल्याच्या संचलनाचं बोलावणं आलं. तिथल्या एका शाळेला नवं पथक उभं करायचं होतं, त्यांची माणसं शिक्षिका निवडायला येणार होती. आमचे सर, फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले, वनिताचंच नाव सांगणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिच्या वडिलांनी तिला बजावलं होतं — नोकरी लागली तर थांबू, नाही तर उन्हाळ्यात लग्न.

पोचल्याबरोबर सराव होता, म्हणून प्रवास किल्ट घालूनच करायचा होता. सरांनी आठवडाभर आधीपासून कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं: बसताना मागच्या चुण्या हातानं सारख्या करा, पिशवी एकच आणि तीही हलकी, आणि जोडे आधी चालून चालून मऊ करून ठेवा. वनितानं सगळं ऐकलं. जोड्यांना एरंडेल चोळून ती ते रोज घालायची, तिवशाच्या बसस्टँडपासून घरापर्यंत सलवारीखाली काळे जोडे. लोक हसायचे. मी माझे खोक्यातच ठेवले. चमक जाऊ नये म्हणून! आणि पिशवीत काय काय कोंबलं — दोन ड्रेस, पावडरचा डबा, केस सरळ करायचं मशीन. अकोल्याला उतरल्यावर ती पिशवी मला उचलवेना. एक बंद वनितानं धरला. तिच्या दुसऱ्या हातात तिचा पाइप होता.

संध्याकाळच्या सरावातच माझ्या दोन्ही टाचांना फोड आले. वनितानं तिच्या इवल्याशा पिशवीतून जाड मोज्यांचा जादा जोड काढला आणि माझ्या हातात दिला. "हे घाल, आराम पडन."

हे लक्षात असू द्या. मी ते मोजे घेतले होते.

आमचे सगळ्यांचे जोडे एकाच दुकानातले, तिचा-माझा नंबरही एकच. पॉलिश करून सगळे जोडे दाराबाहेर ओळीनं ठेवलेले. पहाटे लाइट नव्हती. सगळ्यांच्या आधी उठून मी बाहेर आले आणि बोटं घालून पाहिलं — कुठला मऊ, कुठला कडक, कुठल्याला एरंडेलाचा वास. चुकून झालं असं म्हणण्याची सोयच नाही. मऊ जोडे मी घातले. माझे तिच्या जागेवर ठेवले. नाड्यासुद्धा तशाच आत खोचून ठेवल्या, तिच्यासारख्या.

तेव्हा मनात काय होतं? फक्त दुखणारे पाय? मी स्वतःला कितीदा तरी तसं सांगून पाहिलं आहे. पण टाचा दुखत होत्या तर मी ओळीतले माझ्या मापाचे कुणाचेही मऊ जोडे घेऊ शकत होते. मी तिचेच का शोधले?

मैदानावर रांगेत उभं राहिल्यावर ती हळूच म्हणाली, "आज जोडे काहून चावून राहिले व?"

मी पाइप काखेत नीट धरला.

संचलन लांबलं. वळणावर वनिता अडखळली, सूर तुटला, मागची अख्खी रांग थबकली. तिच्या पांढऱ्या मोज्यावर टाचेपाशी लाल डाग पसरत होता. सर सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले — इतकं सांगूनही जोडे मऊ केले नाहीस? ती खाली मान घालून उभी होती. दुपारी सरांनी शाळेच्या लोकांना माझं नाव सांगितलं.

वाटेल, इथं संपलं. नाही.

परतीच्या बसमध्ये तिनं जोडे काढले, आत हात घातला, मग माझ्या पायांकडे पाहिलं. मी पाय सीटखाली ओढले. आणि ती काय म्हणाली? "मायाच्यानं गलती झाली व. अंधारात तुये जोडे घातले वाटते मीनं. दिवसभर माये जुने घालून फिरली असशीन... माफ कर बाप्पा."

मी म्हटलं, "जाऊ दे."

मी तिला माफ केलं. कळतंय का तुम्हाला? मी. तिला.

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, पातूरकडे. मी अक्षता टाकायला गेले होते. पाइप तिनं पुन्हा हातात धरला नाही.

आता मागच्या महिन्यातलं. पथक घेऊन अमरावतीला स्पर्धेसाठी निघायचं होतं. मी मैदानात मुलींना सूचना देत होते, पिशवी हलकी, जोडे मऊ. आणि दरवर्षीसारखं उदाहरणही दिलं: एक मुलगी ऐन संचलनाला नवे जोडे घालून आली होती, तिनं अख्ख्या पथकाची शोभा केली. हो, हे मी दरवर्षी सांगते. नाव घेत नाही, एवढी सभ्य आहे मी!

मागून कुणीतरी मोठ्यानं हसलं. वनिता. घरच्या झेंडूचे हार घेऊन आली होती; शाळेच्या कार्यक्रमांना हार हल्ली तिच्याकडूनच येतात.

"अवं पोट्ट्याहो, थे मीच होय! मॅडमचं ऐका, मायासारखं करू नका." तिनं चप्पल काढून टाचेवरचा जुना व्रण मुलींना दाखवला. मुली खिदळल्या, टाळ्या वाजवल्या.

मीही हसले. तिला म्हटलं, चहा घेऊन जा. तिची पातूरची गाडी होती, ती गेली.

स्पर्धा झाली, मुली परत आल्या. त्यांच्यातल्या कुणालाही आज विचारलं, नवे जोडे घालून आलेली ती मुलगी कोण, तर त्या सांगतील — फुलंवाली वनिताताई. खोटं आहे ते. नवे जोडे माझे होते, आणि ते कुणाच्या पायात जाणार हे मला ठाऊक होतं.