आक्काचं बोलणं माझ्या तोंडी

शेजारच्या सुनीताचा नवरा अपघातात गेला. नवव्या दिवशी तिने मला परसात गाठलं. "काकी, उद्या माझ्या बांगड्या फोडायला बायका येतील. तुमची आक्का असती तर आडवी झाली असती. तुमी याल का?" "बघते," म्हणून मी घरात शिरले.

आक्का माझी थोरली बहीण. आम्ही दोघी एकाच गावात दिलेल्या. तिचा फौजी नवरा गेला, तेव्हा तिने कपाळाचं कुंकू पुसू दिलं नाही. पुढे कुणाच्या घरी असा प्रसंग आला की ही न बोलावता जायची, भांडायची, शिव्या खाऊन यायची. मला तिची लाज वाटायची. माझ्या लेकीच्या लग्नात ती ओटी भरायला पुढे आली, तर मी चारचौघांत तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. दोन वर्षांपूर्वी काविळीने ती गेली. त्या ताटाची आठवण झाली की अजून घास उतरत नाही.

सुनीता बोलली त्याच दुपारी मी म्हसवडला सिद्धनाथ-जोगेश्वरीच्या दर्शनाला गेले. खरं सांगते, देवीने मला यातून सोडवावं, एवढंच मागायला गेले होते. रांगेत पुढे एक अनोळखी म्हातारी होती, कपाळ मोकळं. खणा-नारळाची पिशवी माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाई, माज्या नावानं देवीची वटी भरतीस का? मला रांडमुंडीला चालत न्हाई."

"देवीनं कवा सांगितलं तसं?" मी बोलून गेले आणि स्वतःच दचकले. हे आक्काचं बोलणं. माझी जीभ असली कधीच नव्हती. म्हातारी खुदकन हसली. "व्हय की गं! मग चल संगं." तिने आपल्या हाताने ओटी भरली. पुजाऱ्यांनी इतरांसारखाच तिला प्रसाद दिला. बाहेर येऊन मी तिला शोधलं, पण ती गर्दीत निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी सुनीताचे दोन्ही हात घट्ट धरून बसले. ओठांवर जोगेश्वरीचं नाव होतं. "आक्काचं वारं हिलाबी लागलं," बायका कुजबुजल्या. बांगड्या फोडायचा दगड सुनीताच्या सासूच्या हातात होता. तीही विधवा, त्यात आता लेक गेलेला. वाटलं, ही मला हाकलून देणार. तिने दगड खाली ठेवला आणि हमसून रडायला लागली. "माज्या येळंला कुणी हात धरला न्हाई गं!"

आता आसपासच्या गावांतून बोलावणं येतं. मी जाते, आणि बरोबर सुनीताची सासू असते. भांडणात ती आक्कालाही मागे टाकेल. मला भीती अजून वाटते, पण ती मी देवीवर सोपवली आहे. आक्काची माफी मागायची राहून गेली होती. देवीने मला आक्काचं काम दिलं, हे देवीचे उपकार.