डाव्या बाजूने कोण जाणार

अंगावर फायर आलं की आधी जमिनीला चिकटायचं, मग गोळी कुठून आली ते बघायचं आणि मगच तोंड उघडायचं. हे माझ्या डोक्यात इतकं घोटून भरलं होतं की झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. नव्वदीच्या सुरुवातीला काश्मीरमध्ये मी सेक्शन कमांडर होतो. हाताखालच्या दहाएक जवानांत एक माझा गाववाला. दोंडाईच्याजवळचं आमचं गाव, त्याचं घर आमच्या घरामागेच. सुटी संपवून आम्ही दोघं निघालो तेव्हा त्याची आई स्टेशनवर आली. पिशवीभर बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, माझ्या हातात देत म्हणाली, "भाऊ, याले तुनाजोडे ठेव." जवळच ठेवतो म्हणालो. अहो, आईला नाही कोण म्हणतं?

शब्द पाळला, जरा जास्तच पाळला. लंगरमधली, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातली, हलकी कामं त्याला, पहाऱ्याची सोयीची वेळ त्याला. पोरं काय आंधळी असतात? एका संध्याकाळी त्या बिबड्या तळल्या. साताऱ्याचा एक गडी होता, जिभेला हाड नसलेला. सगळ्यांदेखत म्हणाला, "हवालदारसाहेब, तुमच्या गाववाल्याला पुढं कधी पाठवता? का नुसतं पापड तळायलाच आणलंय?" सगळे फिदीफिदी हसले. गाववालाही हसला. माझ्या मात्र डोक्यात सणक गेली. ताट आपटून उठलो. गडी खरं बोलला होता, म्हणून जास्त झोंबलं.

दुसऱ्याच सकाळी गस्तीवर अक्रोडाच्या बागेतून जाताना समोरच्या पडक्या भिंतीमागून फायर आलं. सगळे आडवे झालो. आमच्या मशिनगनने उत्तर दिलं, पण भिंत जाड होती. मागे सरकावं तर उघडं शेत, तिथेच पडून राहावं तर एकेकाला टिपलं असतं. डावीकडे कोरडा नाला होता. त्यातून वाकून गेलं तर भिंतीच्या बगलेत पोचता येत होतं. आता प्रश्न एवढाच, कोण जाणार? साताऱ्याचा गडी नाल्याच्या अगदी तोंडाशी पडला होता. गाववाला माझ्या मागे, त्याला नाल्यापर्यंत उघड्यावरून पळावं लागणार होतं. कालच्या भरतीच्या पोरानेही बरोबर उत्तर दिलं असतं.

मी गाववाल्याचं नाव घेऊन ओरडलो.

कालचं ते हसणं माझ्या कानात होतं हो! बघा म्हणावं, आपल्या माणसालाही पाठवतो मी. गोळ्या सुटत असताना माझ्या डोक्यात हे चाललं होतं, लाज वाटते सांगायला. तो "हा भाऊ" म्हणाला आणि उठून पळाला. नाला हातभर राहिला असताना त्याच्या गुडघ्यात गोळी बसली. साताऱ्याच्या गड्याने त्याला ओढून नाल्यात घेतलं, तसाच पुढे सरपटत गेला आणि भिंतीमागे ग्रेनेड टाकला. मग सगळं शांत झालं. आमच्यातलं जिवानिशी कोणी गेलं नाही. गाववाल्याचा पाय मांडीपासून कापावा लागला. कंपनी कमांडरसाहेबांनी माझी पाठ थोपटली, निर्णय झटकन घेतलास म्हणाले.

पुढे त्याला दोंडाईच्यात एसटीडी बूथ मिळाला. फोनला आलेल्या प्रत्येकाला तो सांगायचा, "भाऊंनी बठ्ठास्मा माले निवडं!" आणि मी पेन्शनीवर आलेला माणूस, स्टँडवरून त्या गल्लीत वळताना माझे पाय जड व्हायचे. त्याची आई मला बिबड्या बांधून द्यायची. घरी आणून मी त्या तोंडात घातल्या नाहीत कधी. त्याला खरं कळलं तर, एवढीच एक धास्ती मला पोखरत होती. सगळ्यांतून भाऊंनी मलाच निवडलं, पायाच्या बदल्यात त्याच्याकडे तेवढी एक बढाई होती. ती गेली तर त्याच्याजवळ काय उरणार?

एका दुपारी बूथवर गेलो तर तो म्हणाला, "साताराना गडीना फोन येल व्हता." मी बूथच्या दाराशीच थांबलो. "म्हणे, नालाजोडे तर मी व्हतू, हवालदारसाहेबांनी तुले का धाडं?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय? माले तवयच माहीत व्हतं, भाऊ. रातले तुम्ही ताट आपटं ना, तवयच."

"अरे, मग गावभर ते निवडल्याचं का सांगत फिरतोस?"

"आईनी इचारं ना. तुनाजोडे ठेव सांगं व्हतं, मंग भाऊंनी तुलेच का धाडं? काय सांगतू तिले?"

एवढी वर्षं तो मला पाठीशी घालत होता, आणि मला वाटत होतं मी त्याला सांभाळतोय. काही बोलायला गेलो तर त्याने हात वर करून थांबवलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. असता तर बरं झालं असतं.

"पन एक सांगू, भाऊ? मी तुमना जागावर ऱ्हातू ना, ते तुमले नही धाडतू."

मग त्याने आईने दिलेला डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली.