माळ्यावरचा कॅनडियन आणि आजोबांचा कोट

गेल्या रविवारी फोनवर धाकटी म्हणाली, की तिकडे टीव्हीवर जुन्या मालिका पुन्हा दाखवतात आणि त्यातला मिशीवाला पोस्टमास्तर तिला फार आवडतो. तुमच्या आईनं मागून सांगितलं, "त्याला आजी ओळखते." त्यावर तुम्ही तिघंही एकदम बोलायला लागलात आणि मला एकाचंही धड ऐकू आलं नाही. म्हणून आता सगळं क्रमानं लिहिते. एकानं मोठ्यानं वाचा, बाकीच्यांनी मध्ये बोलू नका.

होय, ओळखते. मिशी त्यानं पुष्कळ नंतर ठेवली. मी त्याला पाहिलं तेव्हा तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, लांब मानेचा, कायम भुकेला असा तरुण होता. जर्मनीत कार्ल्सरुहे गावी आम्ही ज्या घरात भाड्यानं राहत होतो, त्याच घराच्या माळ्यावर त्याची खोली होती.

पोस्टमास्तर होण्याआधी तो कितीतरी वर्षं टोरांटोच्या टीव्हीवर लहान लहान विनोदी प्रवेश करत असे. चार-पाच नट मिळून एका कार्यक्रमात सगळी माणसं व्हायची. एकच माणूस आत्ता न्हावी, पाच मिनिटांनी नवरदेव आणि मग त्याच नवरदेवाची सासू. त्यातून त्याचं नाव झालं आणि मग मालिका मिळाल्या. हे सगळं तुमच्या आईवडिलांना माहीत आहे. मी सांगणार आहे ते त्याच्या आधीचं, तो टीव्हीवर जाणार की वडिलांच्या वखारीत लाकडं कापणार, हे ठरायचं होतं तेव्हाचं.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. तुमचे आजोबा तिथल्या तंत्रविद्यापीठात डॉक्टरेट करत होते आणि मी लग्न होऊन नुकतीच गेले होते. गावापासून काही अंतरावर कॅनडाच्या हवाई दलाचा तळ होता. हा तरुण तिथली नोकरी संपवून, तिथल्याच दुकानात कारकून म्हणून राहिला होता. शनिवारी तळावरच्या क्लबात तो नकला करी. सराव मात्र आमच्या स्वयंपाकघरात चाले, कारण घरात ऊब तेवढ्याच खोलीत असे. मी बटाटे सोलत असे आणि तो समोर कधी तिकीट तपासनीस, कधी दंतवैद्य होत असे. आमचं आडनाव त्याच्या जिभेला झेपत नसे, म्हणून तो मला नुसतं "मिसेस" म्हणे.

घरमालकीणबाईंची नक्कल तर त्याची फारच छान होती. जिना धुवायची पाळी दर आठवड्याला एकेका भाडेकरूकडे असे. तो धुऊन झाला की बाई पायरी पायरीवर बोट फिरवून पाहत. एकदा हा जिन्यात बाई होऊन, लंगडत, बोट फिरवत खाली येत होता आणि बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. बाईंनी शेवटच्या पायरीपर्यंत सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे तर मग, माझा दुखतो तो डावा पाय. तुम्ही उजवा लंगडवलात." एवढं बोलून त्या निघून गेल्या. तो बिचारा रात्रभर विचार करत बसला, की बाईंना राग आला की गंमत वाटली.

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला टोरांटोच्या टीव्हीचा एक माणूस तळावर येऊन गेला. त्यानं याचं काम पाहिलं आणि सांगितलं, की वसंतात नवा कार्यक्रम सुरू होतो आहे, यायचं असेल तर ये, पण तळावरचे विनोद चालणार नाहीत, काहीतरी स्वतःचं घेऊन ये. तिकडे कॅनडात घरी वडिलांची वखार होती. मुलगा हा एकटाच. नाताळानंतर परत येऊन वखार हातात घेतो, असं त्यानं वडिलांना कबूल केलं होतं. वडील त्याची वाट पाहत होते.

"जा की टोरांटोला," मी म्हटलं.

"मिसेस, तळावर हसतात ते माझ्यामुळे नाही. त्यांच्या सार्जंटची नक्कल केली की ते हसणारच. मला ओळखत नाहीत, माझी भाषा बोलत नाहीत, अशी माणसं हसली तर मी जाईन. नाही हसली तर वखार."

"अशी माणसं कुठे मिळणार?"

ती मिळाली तुमच्या आजोबांमुळे. नाताळाआधीच्या एका शनिवारी दुपारी त्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये कॉफी आणि केकचा कार्यक्रम असे. त्यात प्रत्येकानं काहीतरी करून दाखवायचं. प्रोफेसरांनी आजोबांना सांगितलं, "तुम्ही भारतीय गाणं म्हणा." आता तुमच्या आजोबांचा गळा तुम्ही ऐकलेला आहे. ते घरी आले ते चेहरा पाडूनच.

"भैरवी म्हणू का?"

"नको. डॉक्टरेट मिळायची आहे अजून."

"मग काय करू?"

मी बोटानं छताकडे दाखवलं.

तर अशा रीतीनं तो कॅनडियन इन्स्टिट्यूटच्या मोठ्या खोलीत उभा राहिला. लांब टेबलं मांडलेली, त्यांवर मेणबत्त्या, सुक्या मेव्याचे गोड पाव आणि कॉफीची भांडी. अगदी पुढे प्रोफेसर आणि त्यांच्या पत्नी. त्यांच्यामागे सहायक, विद्यार्थी, सगळे टाय लावून ताठ बसलेले. त्यानं तीन प्रवेश बसवले होते. पहिला प्रवेश सामान फार असलेल्या प्रवाशाचा. एकही शब्द नाही, एकही खरी बॅग नाही. आगगाडी सुटते आहे, दोन हातांत चार बॅगा, टोपी उडते आहे, तिकीट दातांत आहे. मी स्वयंपाकघरात हे पाहून बटाटा सोडून बोट कापून घेतलं होतं.

इथे कोणी हसलं नाही. प्रोफेसर एखादा प्रयोग पाहावा तसे लक्ष देऊन पाहत होते, आणि बाकीचे प्रोफेसरांकडे पाहत होते. प्रवेश संपला, तो वाकला. आणि मग सगळ्यांनी मुठी वळून टेबलं ठोकायला सुरुवात केली. ठक ठक ठक ठक. कपबशा नाचायला लागल्या.

त्यानं कोपऱ्यातली टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि सरळ दाराबाहेर निघून गेला. लोकांना वाटलं, हाही प्रवेशाचाच भाग. ते आणखी जोरात ठोकायला लागले.

मी उठून धावले. खुंटीवरचा हाताला लागला तो आजोबांचा ओव्हरकोट साडीवर चढवला आणि मागच्या अंगणात गेले. तो सायकली लावायच्या जागेपाशी उभा राहून सिगारेट पेटवायचा प्रयत्न करत होता. काडी पेटत नव्हती.

"झालं, मिसेस. वखार."

"अहो, त्या टाळ्या होत्या!"

"टाळ्या हातावर हात मारून वाजवतात. हे लोक दार ठोठावल्यासारखं टेबल ठोठावत होते. चालता हो म्हणून."

"इथल्या विद्यापीठात अशीच रीत आहे. आवडलं की टेबल ठोकतात."

"तुम्ही चांगल्या आहात म्हणून असं म्हणता."

तेवढ्यात तुमचे आजोबा नुसत्या जाकिटात, कुडकुडत बाहेर आले. मी त्यांच्याकडे वळून मराठीत म्हटलं, "अहो, सांगा याला तुमचं ते."

"माझं कुठलं ते?"

"पहिल्या व्याख्यानाचं."

आजोबा म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?"

"प्रोफेसरांच्या बायकोनं."

"आणि तू इतके महिने बोलली नाहीस?"

"विषय निघाला नाही."

"मग आता कशाला काढतेस? माझा कोट दे आधी."

"आधी सांगा, मग कोट."

"अगं, थंडी बघ किती आहे!"

"मला नाही का थंडी? साडी नेसून उभी आहे मी."

त्यांनी कोटाची एक बाही धरली. मी दुसरी सोडेना. त्यांनी एक हात त्या बाहीत घातला. आता अर्धा कोट माझ्या अंगात आणि अर्धा त्यांच्या, आणि दोघंही भांडतो आहोत. मी म्हणत होते, या मुलाचं सगळं आयुष्य यावर अवलंबून आहे. ते म्हणत होते, त्यासाठी माझी अब्रू कशाला? कॅनडियनची सिगारेट तोंडात तशीच, न पेटलेली. तो एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

शेवटी आजोबांनी घसा साफ केला आणि अर्ध्या कोटातूनच, अगदी गंभीर इंग्रजीत त्याला सांगितलं. इन्स्टिट्यूटमधलं त्यांचं पहिलं व्याख्यान. प्रोफेसरांनी त्यांचं नाव सांगितलं, हे फळ्यापाशी जाऊन उभे राहिले, आणि समोरच्या सगळ्यांनी बाकं ठोकायला सुरुवात केली. यांनी तोंडही उघडलं नव्हतं. यांना वाटलं, आपण नकोसे आहोत. यांनी कागद गोळा केले, "थँक यू" म्हटलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. प्रोफेसर हाताला धरून परत घेऊन आले, तेव्हा कळलं की ते स्वागत होतं.

"एक शब्दही न बोलता जाऊन बसलात?" कॅनडियननं विचारलं.

"थँक यू म्हटलं होतं," आजोबा म्हणाले.

तो इतका हसला की सिगारेट तोंडातून पडली. मग त्याचं हसणं थांबलं. त्यानं आमच्या दोघांकडे, त्या कोटाकडे एकदा नीट निरखून पाहिलं आणि आत गेला. आम्ही घाईघाईनं मागे गेलो.

राहिलेले दोन प्रवेश त्यानं केलेच नाहीत. केकच्या टेबलावरचं कापड काढून त्यानं खांद्यावरून पदरासारखं घेतलं. खुंटीवरचा कोणाचा तरी कोट उचलला. आणि एका खांद्यानं बाई, दुसऱ्या खांद्यानं बुवा होऊन तो भांडायला लागला. त्यात मराठीचा एकही शब्द नव्हता, नुसते आवाज. पण सूर! "आधी सांगा, मग कोट" हे मी कसं म्हटलं होतं ते मला त्या दिवशी कळलं. बुवा रागानं कोट ओढत होता आणि ओढता ओढता बाईला थंडी वाजू नये म्हणून तिच्या बाजूची कॉलर नीट करत होता. आजोबांनी असं केलेलं माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

प्रोफेसरांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता ते रागावणार. ते डोळे पुसत होते. त्यांच्या पत्नी तर टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या. मग मागच्या सगळ्यांनी धीर केला आणि खोली दणाणली. पुढे बराच वेळ टेबलं ठोकली गेली. कॅनडियन या वेळी जागचा हलला नाही.

आजोबांचे कान लाल झाले होते. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मी कोट असा ओढत नव्हतो."

"ओढत होतात."

दुसऱ्या दिवशी तो आमच्या दाराशी आला, केस विंचरून, टाय लावून. आजोबांपुढे उभा राहून म्हणाला, की हा प्रवेश टोरांटोला नेण्याची इच्छा आहे. पण त्यातली माणसं तुम्ही आहात. नको म्हणालात तर इथेच सोडून जाईन. आजोबांनी बराच विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाले, "हरकत नाही. पण कोट चांगल्या शिवणीचा असला पाहिजे."

राहिले वडील. परदेशी फोनसाठी तेव्हा पोस्टात जाऊन नंबर द्यावा लागे, मग काचेची खोली मिळे. जर्मनीत दुपार, तिकडे कॅनडात सकाळ. त्यानं मला सोबत नेलं. बोलण्यासारखं माझं काही नव्हतं, पण तो म्हणाला, "एकटा गेलो तर मी वखारीला हो म्हणून बसेन."

दार अर्धवट उघडं ठेवून तो बोलत होता. टोरांटोचं सांगितलं. मग वडिलांनी विचारलं असावं, तिथे जाऊन करणार तरी काय. त्यावर यानं रिसीव्हर मान आणि खांदा यांत धरला आणि त्या एवढ्याशा काचेच्या खोलीत भांडण सुरू केलं. एकदा बाई, एकदा बुवा. हात हलताहेत, अदृश्य कोट ओढला जातो आहे. वडिलांना त्यातलं काहीच दिसत नव्हतं, त्यांना नुसते आवाज ऐकू जात होते. बाहेर रांगेतले लोक वर्तमानपत्र खाली करून बघायला लागले.

तो थांबला. ऐकत राहिला. मग दारातून डोकं बाहेर काढून मला म्हणाला, "मिसेस, ते विचारताहेत, कोट शेवटी कोणाला मिळाला?"

मी रिसीव्हर घेतला. खरखर फार होती. मी माझं शाळेतलं स्वच्छ इंग्रजी काढून सांगितलं, "ट्रॅमपर्यंत माझ्याकडे होता, साहेब. ट्रॅममध्ये ऊब होती, म्हणून परत दिला."

पलीकडे खोकल्यासारखं काहीतरी झालं. मला कळायला जरा वेळ लागला की म्हातारा हसतो आहे. मग ते मोठ्यानं म्हणाले, "बाई, त्याला जाऊ द्या तिकडे टोरांटोला. लहानपणापासून त्याचं लक्ष असंच दुसरीकडे असतं. इथे करवतीपाशी उभा केला तर त्याची बोटं शिल्लक राहायची नाहीत. वखार त्याची बहीण बघेल, ती आत्ताही बघतेच आहे. द्या त्याला फोन."

मी फोन दिला, काचेचं दार लावून घेतलं आणि रांगेत जाऊन उभी राहिले. घरी पत्र पाठवायचं होतं आणि माझ्याकडची तिकिटं संपली होती.