गरम पाण्याची शिफारस

लोकायुक्तांच्या कार्यालयात तपासाचं काम करणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे ‘टिकाव’ म्हणत. एकदा खणायला लागल्या की थांबायच्या नाहीत म्हणून, आणि त्यांच्यापुढे कुणाचा टिकाव लागायचा नाही म्हणूनही. बाईंना ते ठाऊक होतं, मनातून आवडायचंही. पण वरिष्ठ तपास अधिकारी झाल्या तरी एक दुखणं कायम होतं. या कार्यालयाला फक्त शिफारस करता येते. खाती ती मान डोलावून घेत आणि बासनात गुंडाळून ठेवत.

निवृत्ती तोंडावर आली असताना एका सरकारी वृद्धाश्रमाची तक्रार आली. तिथं कपडे धुणाऱ्या मावशींनीच केलेली. बाई न कळवता जाऊन धडकल्या. मागच्या फरशीवर म्हाताऱ्यांना उघड्यानं बसवून नळीनं गार पाणी मारणं चाललं होतं.

"माणसं कमी आहेत मॅडम," अधीक्षक म्हणाला. "सगळ्यांचं एकदमच उरकावं लागतं."

आत कुणी तोंड उघडेना. शेवटी खिडकीजवळच्या एक आजी बोलल्या. त्यांच्या खाटेला खाट लावून दुसऱ्या एक बसल्या होत्या.

"ही माझी धाकटी बहीण. नात्यातली नाही, इथलीच," आजी म्हणाल्या. "सगळं सांगते. पण आम्हाला इथून हलवू नका हं. पाणी तेवढं गरम द्यायला सांगा."

"नाही हलवणार. तुम्ही निर्धास्त सांगा."

बाईंनी अहवालात अधीक्षकावर कारवाई, जादा माणसं आणि गरम पाणी एवढंच मागितलं. पण वर्तमानपत्रांनी बोंब उठवली आणि खात्यानं कधी नव्हे ती घाई केली. वृद्धाश्रमच बंद करून टाकला.

"बाई, तुमचा अहवाल एकदाचा कुणीतरी वाचला म्हणायचा!" शेजारच्या टेबलावरचे कारकून म्हणाले.

"माणसं कुठं नेली?" बाईंनी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं.

जिथं जागा मिळाली तिथं एकेकाला टाकलं होतं. बाई फोन करत, हेलपाटे घालत राहिल्या. आजींचा पत्ता लागला तेव्हा आजी उरल्या नव्हत्या. तिथल्या नर्सनं सांगितलं, "आल्यापासून जेवणच सोडलं होतं. धाकटी जेवली का, एवढंच विचारायच्या."

धाकटी दुसऱ्या शहरात सापडली, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर.

"ताई कधी येणार?" तिनं विचारलं.

बाईंनी खरं ते सांगितलं. धाकटीनं चादरीची किनार चिमटीत धरली.

"हलवू नका म्हणाली होती ना तुम्हाला?"

"हो."

"मग?"

‘माझ्या हातात नव्हतं’ हे शब्द बाईंच्या ओठांवर आले. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्यांकडून जन्मभर हेच ऐकलं होतं. त्यांनी ते गिळले.

परत येऊन त्यांनी खात्याविरुद्ध नवी तक्रार दाखल केली, साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव देऊन. लोकायुक्त म्हणाले, "मग तपास दुसऱ्याकडे द्यावा लागेल." दिला. बाई निवृत्त झाल्यावर खात्याचं उत्तर आलं. नोंद घेतली आहे, एवढंच.

"झालं ते झालं," नवरा म्हणाला. "आता घरी बस जरा."

बाई घरी बसल्या नाहीत. गाडी पकडून त्या धाकटीकडे जात राहिल्या. धाकटी केस विंचरू देते. बोलत मात्र नाही.